काशीतील मुक्काम आणि भोसले घाट

काशीस जावयाचे ठरले की घरोघर पहिला प्रश्न निघतो तो उतरावयाचे कोठे, हा. विश्वेश्वराचे दर्शन, गंगास्नान, पंचतीर्थी यांचा क्रम परंपरेने आखून ठेविला आहे. मुक्काम मात्र ज्याचा त्याने ठरवावयाचा असतो. दिल्ली, लखनौ, कलकत्ता येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या रजेचे तीन-चार दिवस असतात. मग स्टेशनाजवळची, स्वच्छ, सोयीची, पण कोणत्याही शहरात खपून जाईल अशी एक खोली घेऊन आम्ही मोकळे होतो. वस्तुतः काशीतील मुक्कामाची निवड ही मराठी माणसापुरती तरी इतिहासाशी निगडित आहे, आणि तिचा विचार थोडा सावकाश व्हावा, असे आम्हांस वाटते.

हॉटेल ही संस्था काशीत अलीकडची. त्यापूर्वी यात्रेकरू तीर्थोपाध्यायांच्या घरी, धर्मशाळेत किंवा अन्नछत्राच्या आसऱ्याने राहत. उपाध्यायांच्या वहीत आपल्या पणजोबांचे नाव सापडले की परक्या गावात आपले घर सापडल्याचा आनंद होई. महाराष्ट्राचा काशीशी असलेला हा संबंध राज्यविस्तारापेक्षा जुना आहे. एकनाथांनी आपले भागवत 1573 मध्ये येथेच पुरे केले. 1674 मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचे. परंतु त्यांचे मूळ घराणे पैठणचे. अठराव्या शतकात या विद्वानांच्या पाठोपाठ सरदारांचा पैसा आला आणि गंगेच्या काठाचे रूप पालटले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही. पेशव्यांची ती फार दिवसांची आकांक्षा होती, परंतु शहर अयोध्येच्या नबाबाकडून 1775 मध्ये कंपनी सरकारकडे गेले. अहल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास विश्वेश्वराचे आजचे मंदिर उभारले, ते या परक्या अंमलात. दौलतराव शिंद्यांच्या पश्चात बायजाबाईंनी 1828 मध्ये ज्ञानवापीभोवतीचा स्तंभमंडप बांधला व पुढे 1830 मध्ये शिंदे घाट. तलवारीने जे साधले नाही ते दगडाने साधले, असे कोणी म्हणेल. आम्ही इतकेच म्हणतो की, ज्या भूमीचा एक पैसाही महसूल आपल्याला मिळावयाचा नव्हता, तीवर या मंडळींनी सढळ हाताने खर्च केला.

भोसले घाट हा याच मालिकेतला. मणिकर्णिकेकडून उत्तरेस निघाले की शिंदे घाट, संकठा घाट ओलांडून आपण नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या घाटाशी येतो. नावेतून पाहिल्यास प्रथम डोळ्यांत भरते ती उंच, जवळजवळ कोरी दगडी भिंत. नक्षीदार लहान खिडक्या आहेत त्या अगदी वरच्या अंगास. वाडा म्हटला की चौक, ओसरी, झोपाळा आठवणाऱ्या आम्हांस ही वास्तू प्रथम किल्ल्यासारखी वाटते. परंतु या रचनेचे कारण शत्रू नसून गंगा आहे. पावसाळ्यात पाणी घाटाच्या पायऱ्या गिळून भिंतीशी येते. 1978 च्या पुरात येथे ते 73.901 मीटरांपर्यंत चढले होते. धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. म्हणून खाली भरीव चिरेबंदी आणि वर माणसांची वस्ती. हा हिशेब चुकला तर काय होते, ते शेजारच्या शिंदे घाटावर दिसते. तेथील अवजड बांधकाम आपल्याच भाराने खचले व पुढे पुन्हा बांधावे लागले. भोसले घाटाच्या परिसरात लक्ष्मीनारायण, यमेश्वर आणि यमादित्य यांची देवळे आहेत. मणिकर्णिकेच्या इतक्या निकट यमाचे स्मरण असावे, हे काशीच्या रीतीस धरूनच आहे.

घाट बांधून झाला, पण घाटाचा संसार चालावा कशावर? 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. वास्तू राहिली आणि तिला पोसणारी दौलत गेली. काशीतील बहुतेक मराठी वाड्यांचे दुखणे थोडक्यात हेच आहे. त्यावर एक उपाय दशाश्वमेधाच्या दक्षिणेस काही पावलांवर पाहावयास मिळतो. नागपूर दरबारचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांनी 1812 च्या सुमारास तेथे एक भव्य प्रासाद उभारला. 1915 मध्ये तो दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला, आणि दीर्घकालीन डागडुजीनंतर अलीकडे त्याचे ‘ब्रिजरामा पॅलेस’ हे हॉटेल झाले. घाटाशी मोटार येऊ शकत नाही. म्हणून पाहुण्यांना नावेतून आणतात. मद्य व मांस तेथे वर्ज्य आहे.

यावर दोन मते संभवतात. पूर्वजांच्या वास्तूत पैसे मोजून राहावयाचे, ही कल्पना कित्येकांस टोचते. शिवाय तेथील भाडे आमच्यासारख्या पगारदारास झेपणारे नव्हे, हेही खरे. परंतु रिकाम्या वाड्यावर पिंपळ उगवतो. भाडे देणारा पाहुणा छपराची गळती थांबवितो, ही व्यवहाराची बाजू नाकारता येत नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. तेथे उतरणाऱ्या किती मराठी पाहुण्यांस मुनशी कोण होते, हे ठाऊक असेल? दरभंग्याचे नाव घाटाला लागले, ते योग्यच. पण शेजारच्या मुनशी घाटाचे नाव वाचून एखाद्याने तरी नागपूरची आठवण काढावी.

तेव्हा आमचा सल्ला असा. ज्यास परवडेल त्याने प्रासादात अवश्य राहावे. इतरांनी स्टेशनाचा मोह सोडून भोसले घाटापासून पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटापर्यंतच्या गल्ल्यांत एखादी साधी जागा शोधावी. पायऱ्या चढाव्या लागतील, सामान डोक्यावरून न्यावे लागेल, गायींना वाट द्यावी लागेल. वृद्ध बरोबर असल्यास जिन्याची व पावसाळा असल्यास पुराची चौकशी आधी करावी. पण पहाटे घाटावर उतरताच पंचगंगेच्या बाजूला ते बालाजी मंदिर आहे, जेथे बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. याच वस्तीत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि दक्षिणेस अस्सीजवळ भदैनीत झाशीच्या राणीचा जन्म झाला, कारण तिचे वडील मोरोपंत तांबे चिमाजी आप्पांच्या आश्रयाने काशीत होते.

बदली होत राहणाऱ्या माणसास कोणत्याच गावी आपले घर नसते. सरकारी क्वार्टर असते. परमुलखात, पराया राज्यकर्त्याच्या अंमलात, आपल्या माणसांना टेकावयास जागा असावी म्हणून ज्यांनी दगड रचले, त्यांची अडचण आमच्याइतकी कोणास कळणार? पुढच्या खेपेस भोसले घाटाच्या पायरीवर घटकाभर बसावे आणि मुलांना त्या भिंतीवरील खिडक्या इतक्या उंच का आहेत, ते सांगावे.