वैनगंगेतला डोंगा आणि उजेडाचा वेग

मागे आमच्या श्रोता गटात बारावीच्या एका मुलीनं विचारलं, "प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच का भरतो? वर्गात विचारलं, तर पाठ कर म्हणाले." पाठ करून आमचंही समाधान होईना. म्हणून आज त्या प्रश्नाचीच गोष्ट.

आधी अडचण पाहू. तिरोडा स्टेशनातून ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी जाते आहे. डब्यात चहावाला ताशी ४ किलोमीटरनं इंजिनाकडे चालतो आहे. फलाटावरून बघणाऱ्या आपल्याला त्याचा वेग ६४ दिसतो. साधी बेरीज. मग इंजिनाच्या दिव्याच्या उजेडालाही गाडीचा वेग मिळायला हवा ना? तो मिळत नाही. गाडीतून मोजा की फलाटावरून, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरच.

एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेल यांनी वीज आणि चुंबकाच्या गणितातून हा वेग काढला. पण वेग कशाच्या मानानं? शास्त्रज्ञ म्हणाले, लाटेला पाणी लागतं, तसं प्रकाशालाही काहीतरी लागत असणार. त्याला त्यांनी नाव दिलं 'ईथर'. पृथ्वी त्या ईथरमधून सेकंदाला ३० किलोमीटर धावते, तर त्याचा प्रवाह जाणवायलाच हवा.

तो कसा ओळखायचा? वैनगंगेत डोंगा घाला. संथ पाण्यात तो मिनिटाला ५० मीटर जातो, धार ३० मीटरची आहे. ४०० मीटर धारेविरुद्ध जायला २० मिनिटं, परत यायला ५; एकूण २५. तेवढंच अंतर आडवं, पैलतीरी जाऊन परत यायला मात्र २०. वेळेतल्या फरकावरून धार कळते.

१८८७ मध्ये अमेरिकेत मायकेल्सन आणि मोर्ली यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी फरशीवर आरसे मांडले, प्रकाशाला अशाच दोन काटकोनी वाटांनी धाडलं आणि फरशी फिरवून पाहिली. अपेक्षित फरक सापडलाच नाही. प्रयोग फसला असं वाटलं. खरं तर फसली होती ईथरची कल्पना.

१९०५ मध्ये २६ वर्षांच्या आइन्स्टाइन यांनी प्रश्नच उलटा केला. एकसारख्या चालणाऱ्या गाडीत आपण घरच्यासारखाच चहा ओततो. निसर्गाचे नियम तिथे बदलत नाहीत. मग त्याच नियमांतून निघालेला प्रकाशाचा वेग तरी का बदलावा? कोणाचीही जागा निसर्गाला जास्त लाडकी नाही. पण मग बदलतं काय? वेळ आणि अंतर. आपल्या दृष्टीनं धावणारं घड्याळ किंचित सावकाश चालतं, धावणारी वस्तू धावण्याच्या दिशेनं किंचित आखूड भरते. म्हणून साधी बेरीज चुकते. गाडीच्या वेगाला ती चूक इतकी बारीक, की कळतही नाही. १९७१ मध्ये विमानांतून अणुघड्याळं पृथ्वीभोवती फिरवली. वेग आणि उंची या दोन्हींचा परिणाम धरून हिशेब जुळला.

निसर्ग असाच का, हे नुसत्या तर्कानं सांगता येत नाही. मोजून बघावं लागतं. ते मोजणं आता आपल्या राज्यातही होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' प्रकल्पाला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या यंत्राच्या काटकोनातल्या दोन भुजा ४-४ किलोमीटरच्या असतील. मांडणी मुळात त्या फरशीवरचीच.

तेव्हा पोरी, तुझा प्रश्न पाठ करण्याचा नव्हताच. मोठमोठ्यांना तो अठरा वर्षं छळत होता. तू विचारत राहा.