थर्मल: गेमिंग लॅपटॉप घेण्याआधी ऐकायचा थोडा इतिहास

डहाणूत कुणालाही "थर्मल कुठंय?" असं विचारलं की तो खाडीच्या दिशेने हात करतो आणि ती चिमणी दाखवतो. २७५ मीटर उंच, लपायचा प्रश्नच नाही. तेच गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्या पोराला "थर्मल कसे आहेत रे?" विचारा, तो पंख्यांबद्दल बोलायला लागेल. शब्द एकच आहे. आणि खरं सांगू का, प्रश्नसुद्धा एकच आहे: तयार झालेली उष्णता टाकायची कुठे?

आजचा भाग या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल आहे. निमित्त आहे तलासरीहून आलेला एका श्रोत्याचा मेसेज. तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. लिहितो, "दादा, बाबा वापीला कंपनीत जातात. आई बचत गटातून कर्ज काढणार आहे. एकच लॅपटॉप येणार, तो चार-पाच वर्षं चालायला पाहिजे. रोज बसने आणि मग ट्रेनने न्यायचाय. आणि गेमपण खेळायचेत. घरी हे शेवटचं सांगितलेलं नाही. चूक आहे का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, रोज कोड लिहितो. मला असे मेसेज खूप येतात. बाकीच्यांना "हे मॉडेल घे" सांगून मोकळा होतो. इथे आईचं कर्ज आहे, म्हणून नीट सांगतो. मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यांची नावं पाठ करून उपयोग नाही. पण स्पेसिफिकेशनच्या यादीतली प्रत्येक ओळ कुठून आली ते कळलं, तर दुकानदार काय बोलतोय आणि काय बोलत नाहीये ते आपोआप कळतं.

सुरुवात उष्णतेपासून. डहाणूच्या वीजकेंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत, १९९५ च्या सुमारास सुरू झाले, वीज जाते मुंबईच्या उपनगरांत. कोळसा जाळून जी उष्णता मिळते, तिच्यातली एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्तच वीज बनते. बाकीची टाकावी लागते. म्हणून तर असं केंद्र खाडीकाठी बसतं, थंड करायला पाणी लागतं. लॅपटॉप म्हणजे याचं बरोबर उलटं. तो जेवढी वीज खातो ती जवळपास सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होते. १०० वॉट आत गेले की १०० वॉटची उष्णता बाहेर काढायची. आणि त्याच्याकडे खाडी नाही. दोन छोटे पंखे आणि तांब्याच्या नळ्या, बस्स.

हा त्रास नवीन नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, १९६० मध्ये तो चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफरॅक. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतले, तापून लाल होणारे. एवढे व्हॉल्व्ह एका खोलीत म्हटल्यावर एसीशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि मेमरी किती? ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या भाषेत १० केबी. आज १६ जीबी रॅम म्हणजे तिच्या सोळा लाखांहून जास्त पट. मेमरी लाखो पट वाढली, पण गरम होण्याचं दुखणं तसंच राहिलं.

आता दुसरी ओळ: वजन. एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत ऑसबोर्न वन आला. पोर्टेबल म्हणून विकला गेला, वजन ११ किलो, स्क्रीन ५ इंची, आणि बॅटरी नाही. म्हणजे उचलून न्यायचा आणि पोचल्यावर प्लग शोधायचा! पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला. पुस्तकासारखा मिटणारा, मॅग्नेशियमच्या बॉडीचा. आज तुमच्या बॅगेत जो लॅपटॉप आहे त्याचा आकार तिथून आलाय. किंमत ८,००० डॉलरच्या वर, त्यामुळे तो गेला सरकारी खात्यांकडे आणि अंतराळयानात.

आपल्याकडे तेव्हा कॉम्प्युटर घरी आणायची कल्पनाच अवघड होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवं संगणक धोरण आलं, आयातीचे नियम आणि शुल्क सैल झाले. पुढे भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडची गल्ली फुलली ती या काळात. असेंबल्ड पीसी ही आपली खरी शाळा. मदरबोर्ड या दुकानातून, रॅम त्या दुकानातून, ग्राफिक्स कार्ड पुढच्या दिवाळीला. पैसे येतील तसा पीसी वाढत जायचा.

लॅपटॉपमध्ये नेमकी हीच सोय नाही, हे डोक्यात पक्कं करा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बोर्डला सोल्डर केलेल्या असतात. स्क्रीन बदलणं महाग पडतं. पंखे आणि नळ्या कायमच्या. नंतर बदलता येतात त्या साधारण दोनच गोष्टी: एसएसडी आणि रॅम. रॅमसुद्धा स्लॉटमध्ये असेल तरच. पातळ लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा सोल्डर केलेली असते. म्हणून पहिला नियम: जे नंतर बदलता येणार नाही, त्यावर आज पैसे घाला. ५१२ जीबीचा एसएसडी चालेल, वर्षभराने दुसरा लावू. पण ग्राफिक्स चिप, स्क्रीन आणि थंड करण्याची व्यवस्था दुकानातून निघताना जी असेल तीच शेवटपर्यंत. रॅम सोल्डर केलेली असेल तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊच नका.

मग हे वॉटचं प्रकरण कधी सुरू झालं? १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक हिशोब मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान करत जा, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात आणि तरी उष्णता वाढत नाही. तीस वर्षं सगळी इंडस्ट्री या फुकटच्या जेवणावर जगली. साधारण २००५ च्या आसपास ते संपलं. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, उष्णता मात्र कमी होईना. २००४ मध्ये इंटेलने तर आपला पुढचा डेस्कटॉप प्रोसेसरच रद्द केला आणि एकाऐवजी अनेक कोअरचा रस्ता धरला. तेव्हापासून चिप किती वेगवान आहे यापेक्षा तिला किती वॉट देता येतात आणि ते वॉट बाहेर कसे काढता येतात, हा खरा प्रश्न झाला.

ग्राफिक्समध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं. एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ आणलं आणि जीपीयू हा शब्द सगळीकडे नेला. २००० साली लॅपटॉपसाठी जीफोर्स टू गो आलं. मग बरीच वर्षं गेमिंग लॅपटॉप म्हणजे चार किलोचं धूड असायचं. २०१७ मध्ये एनव्हिडियाने मॅक्स-क्यू काढलं. हा शब्द रॉकेटवाल्यांचा. रॉकेट वर जाताना हवेचा दाब सगळ्यात जास्त असतो तो क्षण. लॅपटॉपमध्ये अर्थ असा की चिपला थोडी कमी वीज द्या, ती तेवढ्याच वॉटमध्ये जास्त काम काढेल आणि लॅपटॉप पातळ होईल. कल्पना चांगली होती. पण २०२१ पासून मॅक्स-क्यू हे नाव चिपच्या नावातून गेलं, आणि एकाच नावाची चिप कमी-जास्त वॉटवर विकली जायला लागली.

आरटीएक्स ४०६० लॅपटॉपचं उदाहरण घ्या. एनव्हिडियाचीच मर्यादा ३५ ते ११५ वॉट. म्हणजे दोन लॅपटॉपवर स्टिकर सेम, आणि एकाच्या चिपला दुसऱ्याच्या तिप्पट वीज. ४५ वॉटवाली ४०६० घेतली तर भरपूर वॉट मिळणारी खालची ४०५० तिच्या बरोबरीला येऊ शकते. म्हणून दुसरा नियम: स्टिकर वाचू नका, टीजीपी विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर शोधा.

पण तिथे लगेच ४०५० वर उडी मारू नका, कारण तिच्यात ६ जीबी व्हिडिओ मेमरी आहे आणि ४०६० मध्ये ८. ही मेमरी का महत्त्वाची त्याचीही गोष्ट आहे. २०१२ मध्ये टोरांटोच्या तीन संशोधकांनी अ‍ॅलेक्सनेट नावाचं न्यूरल नेटवर्क बनवलं, फोटोतल्या वस्तू ओळखणारं. आजच्या एआयच्या लाटेची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. ते शिकवलं गेलं दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. हो, गेम खेळायची कार्डं. आणि दोन का? एकाची मेमरी ३ जीबी होती, नेटवर्क त्यात मावेना, म्हणून दोघांत वाटलं. वॉट कमी असतील तर काम हळू होतं. मेमरी कमी पडली तर ते अडतंच.

इथे १९९१ ची आठवण काढायला हवी. त्या साली पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. अमेरिका क्रे देईना म्हणून आपण आपला बांधला. त्याची क्षमता साधारण एक गिगाफ्लॉप. आजची मधली लॅपटॉप ग्राफिक्स चिप कागदावर दहा टेराफ्लॉपच्या पुढे जाते. मोजण्याची पद्धत अगदी सारखी नाही, पण फरक हजारो पटींचा आहे. त्याच १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये केंद्र सरकारने आपला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, कारखान्यांवर बंधनं आली. म्हणून इथे चिकूच्या वाड्या राहिल्या आणि कामासाठी पोरं वापीला किंवा मुंबईला जातात. हा प्रवास आहे म्हणूनच आपल्यासाठी "पोर्टेबल" ही चैन नाही. डहाणू रोड ते चर्चगेट जवळपास सव्वाशे किलोमीटर. एप्रिल २०१३ मध्ये लोकल इथवर आली तरी तलासरीला स्टेशन नाहीच. आधी बस किंवा टमटम, मग ट्रेन.

त्यामुळे बॅटरीबद्दल दोन शब्द. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही, म्हणून मोठ्यात मोठे लॅपटॉपही ९९.९ वर थांबतात. आता भागाकार करा. ६० वॉट-अवरची बॅटरी, गेम १०० वॉट खातोय, किती वेळ? अर्धा-पाऊण तास. म्हणजे बॅटरीवर गेमिंग विसराच, ते घरी प्लग लावून. बॅटरी कॉलेजच्या कामासाठी. त्यासाठी २०१० मध्ये ऑप्टिमस आलं, साध्या कामाला मोठी चिप बंद ठेवणारं. मक्स स्विच असेल तर घरी गेम खेळताना मोठी चिप थेट स्क्रीनला जोडता येते. असेल तर उत्तम.

आणि वजन मोजताना चार्जर मोजा! अर्ध्या-पाऊण किलोची वीट असते ती. इथे आपल्या लाइनवरचाच माणूस मदतीला येतो. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे इंटेलमध्ये यूएसबी घडवणाऱ्यांचे म्होरके. ग्राफिक्स कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेसवर बोलतं त्यातही त्यांचं काम आहे. आज यूएसबी-सी चार्जिंग असलेला लॅपटॉप घेतला, तर मोठा चार्जर घरी ठेवून कॉलेजला ६५ वॉटचा छोटा नेता येतो. ही एक सोय रोज पाठ वाचवते.

आता आपल्या गावची हवा. समुद्राकडून खारी दमट हवा, उन्हाळ्यात रस्त्याची धूळ. लॅपटॉपला हे दोन्ही नको असतं. वर्षातून एकदा पंखे साफ करायचे, आणि घेण्याआधीच बघायचं की सर्व्हिस सेंटर कुठे आहे. मुंबईला जावं लागत असेल तर एक दिवस कामाचा बुडाला, तोसुद्धा किमतीतच धरा. लाइट जाते तिथे बॅटरीचा आणखी एक फायदा, चालू काम बुडत नाही.

तर तलासरीच्या माझ्या मित्रा, तुला सांगतो. वजन चार्जर सोडून दोन किलोच्या आत-बाहेर. व्हिडिओ मेमरी ८ जीबी, टीजीपी मधला, ७० ते ९० वॉट. निदान एक स्लॉट रिकामा असलेली १६ जीबी रॅम. एसएसडी लहान चालेल. स्क्रीन पूर्ण एसआरजीबी दाखवणारी, कारण डोळे तुझे आहेत आणि वर्षं पाच आहेत. यूएसबी-सी चार्जिंग हवंच. हे सगळं बजेटात बसलं नाही, तर मागच्या पिढीची चिप घे, पण कर्ज वाढवू नकोस.

आणि तुझा शेवटचा प्रश्न. गेम खेळायची इच्छा चूक नाही. गेम खेळणाऱ्या पोरांनी पंचवीस वर्षं कार्डं विकत घेतली, म्हणून ती कार्डं स्वस्त झाली, म्हणून ती संशोधकांच्या टेबलावर पोचली. तू ज्या चिपवर गेम खेळशील, तिच्यावरच मॉडेल ट्रेन करायला शिकशील. फक्त एक कर, आईला सांग. लपवून घेतलेल्या मशीनवर खेळताना मजा येत नाही. बचत गटाच्या हप्त्याची तारीख स्वतःच्या फोनमध्ये टाक, आणि पहिला प्रोजेक्ट चालला की आईलाच आधी दाखव.

लॅपटॉप घेतलास की कळव. पुढच्या भागात भेटू.