मांजराची दिंडी

गेल्या पावसाळ्यात मी घराच्या मागच्या दाराला भोक पाडलं. दार चांगलं सागवानी, पैसे साठवून बसवलेलं, आणि त्याला मी आपण होऊन करवत लावायला निघालो. सुताराला वाटलं मी चेष्टा करतोय. "चाचा, मांजराला दार? तिला काय टपाल यायचंय?" असं म्हणून तो हसला. मीही हसलो. पण मला ते भोक हवंच होतं, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं.

आमचं साखरशेत जव्हार तालुक्यातलं. पूर्वी हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. आमच्या भागातलं जुनं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्याला शेणामातीचा लेप, वर कौलं किंवा गवत. कुड आणि छप्पर यांच्यामध्ये फट असायचीच. चुलीचा धूर तिथून जायचा, उजेड तिथून यायचा आणि मांजरही तिथूनच यायचं. वळचणीवरून आढ्यावर, आढ्यावरून खाली भाताच्या नाहीतर नागलीच्या कणगीवर, ही त्याची ठरलेली वाट. ज्या मुलखात वाघोबाला शेंदूर लावून गावाच्या शिवेवर बसवतात, वाघबारस पाळतात, तिथे वाघाची ही मावशी मात्र थेट घरात. तिच्यासाठी कुणी वेगळं दार केलं नाही, कारण घराला फटींचा तोटा नव्हता.

आम्ही घर नव्यानं बांधलं. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खिडक्यांना जाळी, दारं चौकटीत घट्ट बसणारी. बायको म्हणाली, "आता सापाची भीती गेली." तिचं खरं होतं. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पावसाळ्यात आमच्याकडे अशा बातम्या कानावर येतातच. त्यामुळे बंद घराचं सुख आम्हाला फार मोठं वाटलं.

ऑगस्टमध्ये भिवंडीला नात्यात मयत झाली. निरोप आला तसे आम्ही निघालो. दार ओढलं, कुलूप लावलं. आमच्या मांजरीनं पोटमाळ्यावर गोधड्यांच्या गाठोड्यात तीन पिल्लं घातली होती, त्यांचे डोळे नुकते उघडले होते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही निघालो तेव्हा मांजरी बाहेर होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी परतायचं होतं, पण पावसानं अडकवलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री पोहोचलो. मांजरी मागच्या दाराशी बसली होती. दाराच्या खालच्या अंगाला नखांचे ओरखडे होते. दार उघडलं तशी ती आमच्या पायांतून आत धावली. वर तीनपैकी एक पिल्लू जिवंत होतं.

त्या रात्री मला अम्मीची आठवण झाली. अम्मी आम्हाला लहानपणी हदीसमधली एक हकीकत सांगायची. बुखारींच्या संग्रहात ती आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. त्याला खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन आपलं आपण शोधून खाण्यासाठी सोडलंही नाही. मांजर उपाशी मेलं आणि त्यापायी ती बाई नरकात गेली. अम्मी शेवटी म्हणायची, "पाळणं म्हणजे बांधणं नाही रे." दुसरी हकीकत अबू कतादांची. ते सुनेकडे गेले होते. वजूसाठी पाणी ठेवलं होतं, त्यात मांजर तोंड घालायला आलं. त्यांनी मांजराला पिता यावं म्हणून भांडं कलतं केलं. सून बघत राहिली तेव्हा त्यांनी सांगितलं की पैगंबरांनी मांजराला नापाक मानलेलं नाही, ते तुमच्या घरात फिरणाऱ्यांपैकी, येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी आहे. लहानपणी मला यातलं भांडं तेवढं लक्षात राहिलं होतं. आता 'येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी' हे शब्द ऐकू आले. ज्याचं येणं-जाणं हाच ज्याचा धर्म, त्याच्या वाटेवर मी कुलूप लावलं होतं.

मी कवी माणूस. आजवर ओळी कापल्या, लाकूड कधी कापलं नाही. त्यामुळे आधी वाचायला बसलो. जगात इतरांनी हे कसं केलंय ते पाहू म्हटलं.

मांजर आणि माणूस यांची सोयरीक धान्यामुळे जुळली, असं अभ्यासक मानतात. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातलं रानमांजर आलं. २००४ साली सायप्रस बेटावरच्या उत्खननाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तिथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी एका माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मूळचं मांजर नाही, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलं असणार. आपल्याकडचा पुरावा मला त्याहून गोड वाटतो. सिंधमधल्या चन्हुदडो इथे १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं. तिथे हडप्पाकालीन एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर गेलं आणि मागोमाग एक कुत्रा. पावलांच्या ठशांवरून अभ्यासकांनी ठरवलं की दोघंही पळत होती. मांजर निसटलं की नाही, हे वीट सांगत नाही. जवळपास एखाद्या घराला फट असेल, तर निसटलं असेल.

मांजरासाठी मुद्दाम ठेवलेल्या भोकाचा उल्लेख इंग्रजी वाङ्मयात चौदाव्या शतकाअखेरीस मिळतो. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या चक्कीवाल्याच्या गोष्टीत नोकर दाराच्या तळाशी असलेल्या मांजराच्या भोकातून आत डोकावतो. कवी ते सहज सांगून जातो, म्हणजे ऐकणाऱ्यांना असं भोक ओळखीचं होतं. इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथीड्रलच्या हिशेबात १३०५ ते १४६७ या काळात मांजराच्या नावानं तिमाहीला तेरा पेन्स खर्ची पडलेले दिसतात. म्हणजे आठवड्याला एक पेनी पगार. तिथे एक मोठं खगोलीय घड्याळ आहे. त्याच्या यंत्राला चरबीचं वंगण असे आणि त्या वासानं उंदीर येत. मग १५९८ च्या सुमारास बिशप विल्यम कॉटन यांनी घड्याळाखालच्या दाराला भोक पाडण्यासाठी सुतारांना आठ पेन्स दिले. ते गोल भोक आजही तिथे आहे.

न्यूटनची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. मांजरीसाठी मोठं भोक आणि पिल्लासाठी छोटं. पण तिला आधार नाही. केंब्रिजच्या आठवणींच्या एका पुस्तकात ती छापली गेली १८२७ साली, न्यूटन गेल्यावर शंभर वर्षांनी. उलट न्यूटनचा लेखनिक लिहून गेलाय की ते आपल्या खोलीत कुत्रं-मांजर ठेवत नसत. तरी ही गोष्ट टिकली, कारण मोठ्या माणसाची छोटी चूक आपल्याला फार आवडते.

पण मला खरा धक्का बसला तो आपल्याच अमरावतीमुळे. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारं आणि उंदरांचं राज्य. पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या कारकिर्दीत सोजिरांनी घरांत शिरून काय केलं, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. रोग कशानं पसरतो हेच नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून माणसांची घरं उपसली जात होती. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं की प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवा पसरवतात. त्यावर लगेच कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं.

त्या सुमारास अमरावतीला अँड्र्यू बुकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. कोणत्या गावात मांजरं किती आणि कुठे प्लेगनं माणसं गेली, हे त्यांनी ताडून पाहिलं. जिथे मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं त्यांना आढळलं. १९०८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याचा विषयच मुळी प्लेगचा प्रतिबंध करणारी मांजरं हा होता. विचार करा. सरकारी पथकं घराची कौलं काढत होती, सामान बाहेर फेकत होती, आणि हा डॉक्टर वऱ्हाडातल्या खेड्यांत मांजरांचा हिशेब मांडत होता. मांजर घरात शिरलं तर कुणाची अब्रू जात नाही. त्याला सोवळं-ओवळं आडवं येत नाही आणि हुकूमही लागत नाही.

आजच्या ज्ञानानं पाहिलं तर बुकॅनन यांचं म्हणणं अपुरं होतं. मांजरालाही प्लेग होतो, आणि मांजराकडून माणसाला झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. प्लेगवर खरा इलाज झाला तो स्वच्छता, पिसवांचा नाश आणि पुढे आलेली प्रतिजैविकं यांनी. त्यामुळे मांजर पाळा आणि औषध टाळा असं कुणी यातून घेऊ नये. पण घराची रचना आणि घरातला रोग यांचा संबंध पाहायचा, आणि त्यात जनावरालाही मोजायचं, ही त्यांची नजर मला मोलाची वाटते. आमच्या नव्या घरात तरी काय झालं? फटी बुजल्या, मांजर बाहेर राहिलं आणि उंदीर तांदळाच्या गोणीसोबत आत आले. उंदराला घुसायला बोटभर भोक पुरतं.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मांजर येईल तिथून मण्यार येणार नाही कशावरून?"

चॉसरपासून एक्सेटरपर्यंत कुणाकडेच मला याचं उत्तर मिळेना. ती सगळी नुसती भोकं होती. आम्हाला भोक नको होतं, दार हवं होतं. तेव्हा मला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवला. तो प्रचंड दरवाजा रोज कोण उघडणार? म्हणून त्याच्यातच माणसापुरता छोटा दरवाजा आहे. त्याला आपण दिंडी म्हणतो. गडकोटांना, जुन्या वाड्यांना ती असतेच. मोठं दार बंद ठेवूनही ओळखीच्या माणसाला आत घ्यायची ही आपली जुनी रीत. सुताराला म्हटलं, मला मांजराची दिंडी हवी. ते त्याला लगेच कळलं.

मोजमाप त्यानं मांजरीवरूनच घेतलं. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून बहुधा अंगही जातं, कारण त्याच्या गळपट्टीचं हाड खांद्याशी जोडलेलं नसतं. दीड वीत लांब-रुंद चौकोन आखला, जमिनीपासून वीतभर उंच. पाटी रंगवणाऱ्याकडून पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा आणला आणि वरच्या कडेला दोन हलक्या बिजागऱ्यांवर असा टांगला की तो आतबाहेर दोन्हीकडे झुलेल. खालच्या कडेला मोडक्या फ्रिजच्या दाराची चुंबकपट्टी आणि उंबऱ्याला लोखंडी पट्टी. झडप झुलून आपली आपण बंद होते आणि चिकटते, खाली फट राहत नाही. रात्रीसाठी आतून बोटभर कडी. परदेशात आता मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून उघडणारी दारं मिळतात. ती निघाली केंब्रिजच्याच परिसरात, २००८ च्या सुमारास. न्यूटननं जे केलं नाही ते शेवटी त्याच्या गावानं केलं.

मांजरी आठ दिवस त्या दाराकडे बघायला तयार नव्हती. मग झडप दोरीनं वर बांधून ठेवली आणि पलीकडे सुकटीची वाटी ठेवली. रोज दोरी थोडी सैल केली. नवव्या दिवशी तिनं डोक्यानं झडप ढकलली. त्याच रात्री शेजारचा बोकाही आला आणि दूध पिऊन गेला. शिंकं तुटायची वाट त्याला पाहावीच लागली नाही.

आमच्या जव्हारच्या संस्थानाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. जयाबा मुकणे यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली, आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यात अख्खा मुलूख घेतला. मांजरीनं आमच्याकडे दीड वीत मागितली. आता देवळीत ती आहे, गोधडीत ती आहे, माझ्या कागदांवरही तीच झोपते.

वाचलेलं पिल्लू आता मोठं झालंय. पहिल्यांदा ते झडपेतून गेलं तेव्हा आम्ही दोघंही कामं टाकून बघत होतो. रोज रात्री बायको कडी लावायला जाते. लावण्याआधी वाकून अंधारात बघते आणि मला विचारते, "दोघंही आत आहेत ना?" मी पोटमाळ्यावर जाऊन बघून येतो. मगच कडी लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)