तळटीप : कलम ३५४-सी

१. स्त्रीला चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे. न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये हे कलम भारतीय दंड संहितेत आले. तोवर न्हाणीघराच्या झरोक्याशी मोबाइल धरणाऱ्याविरुद्ध दंड संहितेत कलम ५०९ वरच भागवावे लागे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन, पुन्हा ठरल्यास तीन ते सात वर्षे कैद व दंड. चित्रणाला तिची संमती असली, तरी ते तिच्या संमतीविना इतरांना पाठवणे गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. त्याआधीच्या घटनेचा खटला जालना, अंबड वा भोकरदनच्या न्यायालयात आजही जुन्याच कलमाखाली चालतो. पुरुषाच्या खासगी अवयवांचे चोरून चित्रण झाल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई लागते. — संपा.