शिक्षा बापाला, शाळा मुलाची

शाळेत नाव घालताना वडिलांचा व्यवसाय विचारतात. शेती, मजुरी, नोकरी असे काहीतरी सांगून आपण मोकळे होतो. पण ज्याचा बाप तुरुंगात आहे, त्या मुलाने काय सांगायचे? त्याची आई खाली मान घालते, आजोबा 'मजुरी' म्हणून वेळ मारून नेतात. मुलाला मात्र त्या दिवशी एक गोष्ट कळते, की आपल्या घराविषयी लोकांत बोलायचे नसते.

अशा मुलाचे काय करायचे, हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे त्याची जी उत्तरे दिली गेली, ती आज आठवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर इंग्रज सरकारचे. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. मुलाने काही केलेले नसे. आईबापांवरही गुन्हा सिद्ध झालेला असेलच असे नाही. पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही हेच धोरण आले. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. तिथे मोठ्यांची हजेरी लागे, मुलांना शाळा असे. शाळा होती, पण तीही कुंपणातलीच.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला, तरी संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. वडिलांनी त्यांना शाळेत घातले, तेव्हा वस्तीतल्याच लोकांना ते अशुभ वाटले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाचा सरकारशी संबंध चौकी आणि कोठडीपुरताच आला, त्याला शाळेचीही भीती वाटावी यात नवल काय?

आपल्या वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातली पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत हा समाज आहे. फासेपारध्यांचे बेडेही आपल्या भागाला अनोळखी नाहीत. कारंजा तालुक्याला लागूनच अमरावती जिल्ह्याचा नांदगाव खंडेश्वर तालुका लागतो. तिथल्या मंगरूळ चव्हाळा गावी मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ साली फासेपारधी मुलांसाठी शाळा काढली आणि तिचे नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. ज्या समाजातल्या मुलांना एके काळी कायद्याने आईबापांपासून तोडले जाई, त्याच समाजातल्या माणसाने मुलांसाठी शाळा उभारली. या बदलाला साठ वर्षे लागली.

दुसरी हकीकत तुरुंगाच्या आतली. आई कैदेत गेली, की तान्हे मूलही तिच्याबरोबर आत जाते. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय खटल्यात या मुलांविषयी सविस्तर निर्देश दिले. मुलाला कैद्यासारखे वागवू नये. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ राहू शकेल. त्याला योग्य आहार, औषधपाणी, पाळणाघर आणि बालवाडी मिळावी. तुरुंगात जन्मलेल्या बाळाच्या जन्मदाखल्यावर तुरुंगाचे नाव येऊ नये. सहा वर्षांनंतर आईच्या इच्छेप्रमाणे नातलगांकडे किंवा संस्थेत त्याची सोय व्हावी आणि आठवड्यातून एकदा तरी मायलेकरांची भेट व्हावी. १८९७ चा कायदा मुलाला आईबापांपासून तोडत होता. २००६ च्या निकालाने दोघांमधला धागा जपायला सांगितले.

पण ही झाली आतल्या मुलांची गोष्ट. बाप आत गेला म्हणून गावातच मागे राहिलेल्या मुलांची विचारपूस कोण करतो? रिसोड किंवा मालेगाव तालुक्यातल्या घरातला माणूस अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात असेल, तर भेटीची वाट शंभराहून अधिक किलोमीटरची. भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब केला, की भेटी लांबत जातात. थोरला मुलगा शाळा सोडून कामाला लागतो, मुलीच्या लग्नाची घाई होते. राज्यातल्या कारागृहांत मुलांना आपल्या कैदी पालकांना जाळीशिवाय, जवळ बसून भेटता यावे म्हणून 'गळाभेट' हा उपक्रम झाला. तो चांगलाच आहे, पण तिथवर मुलाला नेणारे कोणी हवे.

वाशिम १९०५ पर्यंत जिल्हा होता. मग तो अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. त्यामुळे महिला व बालविकास कार्यालय आणि बालकल्याण समिती यांच्यासाठी आता अकोल्याची वाट धरावी लागत नाही. राज्याची बालसंगोपन योजना कैद्यांच्या मुलांनाही लागू आहे. तिची रक्कम २०२३ साली दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाली. एवढ्या पैशांत घर चालणार नाही, पण वह्या, चपला आणि एसटीचे भाडे सुटू शकते. अडचण असते ती अर्ज करण्याची. कागद जमवायचे, तर घरात काय घडले ते चार ठिकाणी सांगावे लागते. लाजेपोटी तो अर्जच केला जात नाही.

इथे गावातले गुरुजी, अंगणवाडीताई, पोलीस पाटील यांचे काम सुरू होते. घरी जाऊन, गाजावाजा न करता अर्ज भरून द्यावा. वर्गात कोणी चिडवले, तर त्या दिवशीच थांबवावे. मूल भेटीला गेले म्हणून शाळा बुडाली, तर त्याला रागावू नये. बापाच्या अपराधाचा निवाडा कोर्ट करते. मुलाचा निवाडा मात्र आपण ओट्यावर बसून करतो, आणि तो थांबवायला कोणत्याही कायद्याची गरज नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)