'मी अकॅडेमिकमध्ये राहतो': शिक्षणाबद्दल इंग्रजीत बोलताना पोलिश विद्यार्थी नेमके कुठे अडकतात?

समजा, एका पोलिश विद्यार्थ्यानं ब्रिटनमधल्या विद्यापीठाला इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, 'मी अकॅडेमिकमध्ये राहतो, माझा प्रमोटर फार चांगला आहे आणि मे महिन्यात मी गणिताची परीक्षा पास केली.'

वाचणाऱ्याला वाटेल की हा मुलगा एखाद्या प्राध्यापकाच्या पोटात राहतो, कुणी कार्यक्रमांचा आयोजक त्याच्या ओळखीचा आहे आणि गणितात तो उत्तीर्ण झालाय. त्याला सांगायचं होतं ते असं: मी हॉस्टेलमध्ये राहतो, माझे प्रबंधाचे मार्गदर्शक चांगले आहेत आणि मे महिन्यात मी गणिताचा पेपर दिला. निकाल अजून लागायचाय.

व्याकरण बरोबर आणि स्पेलिंगही बरोबर, तरी अर्थ तिसराच. इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या पोलिश लोकांची ही नेहमीची अडचण आहे. शिक्षण या विषयात ती जास्त जाणवते, कारण दोन्ही भाषांनी बरेचसे शब्द लॅटिनमधूनच घेतलेत. दिसायला ते सारखे आहेत, पण प्रत्येक देशात त्यांचे अर्थ वेगळ्या वाटेनं गेले.

पोलिश लोकांसाठी हा विषय इतका महत्त्वाचा का?

कम्युनिस्ट राजवटीत पोलंडच्या शाळांमध्ये रशियन भाषा सक्तीची होती. १९८९ मध्ये ती राजवट गेली आणि पुढच्या काळात रशियनची जागा इंग्रजीनं घेतली. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला. ब्रिटननं पोलिश कामगारांसाठी लगेच दारं उघडली आणि लाखो लोक तिकडे गेले.

२०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ६ लाख १२ हजार लोकांची मुख्य भाषा पोलिश आहे. तिथल्या स्थानिक भाषा सोडल्या तर हा आकडा सगळ्यात मोठा आहे.

या लोकांना नोकरीच्या अर्जात स्वतःचं शिक्षण लिहावं लागतं, मुलांच्या शाळेत शिक्षकांशी बोलावं लागतं, पदवीची कागदपत्रं भाषांतर करून द्यावी लागतात. तिथे एक शब्द चुकला तर पदवीची किंमतच कमी-जास्त होऊ शकते.

आधी पोलंडची शाळा समजून घेऊ

- प्राथमिक शाळा ८ वर्षांची असते. मुलं साधारण ७ व्या वर्षी पहिलीत जातात आणि शाळा १ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते.
- त्यानंतर ४ वर्षांचं 'लित्सेउम' किंवा ५ वर्षांचं 'तेख्निकुम'. दुसऱ्या पर्यायात नेहमीच्या अभ्यासासोबत व्यवसायाचं शिक्षणही मिळतं.
- शेवटी 'मातुरा' ही मोठी परीक्षा. पोलिश, गणित आणि एक परकीय भाषा सक्तीची. सक्तीच्या विषयात उत्तीर्ण व्हायला ३० टक्के गुण लागतात.
- शाळेत १ ते ६ अशी श्रेणी असते. ६ सर्वोत्तम, १ म्हणजे नापास. विद्यापीठात मात्र २ ते ५ अशी श्रेणी असते आणि तिथे २ म्हणजे नापास.

शेजारच्या जर्मनीत हे उलटं आहे. तिथे १ सर्वोत्तम. त्यामुळे 'मला शाळेत ५ मिळाले' एवढंच इंग्रजीत सांगून भागत नाही. पाच म्हणजे चांगले की वाईट, हेही सांगावं लागतं.

'मातुरा'चं जुनं नाव 'परिपक्वतेची परीक्षा' असं आहे. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं तर 'मॅच्युरिटी एक्झाम' होतं आणि ते एखाद्या मानसिक चाचणीसारखं वाटतं. म्हणून जाणकार भाषांतरकार 'मातुरा' शब्द तसाच ठेवतात आणि पुढे 'शालान्त परीक्षा' अशा अर्थाचं स्पष्टीकरण जोडतात.

दिसतात सारखे, अर्थ वेगळे

भाषा शिकवणारे अशा शब्दांना 'फॉल्स फ्रेंड्स' म्हणतात, म्हणजे ओळखीचे वाटून दगा देणारे शब्द. शिक्षणाच्या क्षेत्रातले हे काही नमुने:

- अकादेमिक: पोलिशमध्ये विद्यार्थ्यांचं वसतिगृह. इंग्रजीत 'अकॅडेमिक' म्हणजे विद्यापीठात शिकवणारा, संशोधन करणारा माणूस. वसतिगृहाला ब्रिटनमध्ये 'हॉल ऑफ रेसिडेन्स' आणि अमेरिकेत 'डॉर्म' म्हणतात.
- प्रोमोतोर: प्रबंधाचा मार्गदर्शक. इंग्रजीत 'सुपरवायझर' किंवा 'अ‍ॅडव्हायझर'. 'प्रमोटर' म्हणजे मैफली किंवा बॉक्सिंगचे सामने भरवणारा.
- लेक्तूरा: अभ्यासक्रमात वाचायला लावलेलं पुस्तक. त्याचा अर्थ इंग्रजी 'लेक्चर'पेक्षा वेगळा. व्याख्यानाला पोलिशमध्ये 'विक्वात' असा वेगळाच शब्द आहे.
- लेक्तोर: विद्यापीठात परकीय भाषा शिकवणारा. परदेशी सिनेमा टीव्हीवर दाखवताना सगळ्या पात्रांचे संवाद एकाच आवाजात वाचणाऱ्यालाही पोलंडमध्ये हाच शब्द आहे. इंग्रजीतलं 'लेक्चरर' हे पद वेगळं.
- दिरेक्तोर: शाळेचे मुख्याध्यापक. इंग्रजीत 'हेड टीचर' किंवा 'प्रिन्सिपल'. 'डायरेक्टर' म्हटलं की कंपनी किंवा सिनेमा आठवतो.
- कोलेगा: वर्गमित्र, ओळखीचा मित्र. इंग्रजीत 'कलीग' म्हणजे कामावरचा सहकारी. दहावीतला मुलगा 'माझा कलीग' म्हणाला की ऐकणाऱ्याला वाटतं, हा नोकरी करतो.
- स्तिपेंद्युम: कोणतीही शिष्यवृत्ती. इंग्रजीत 'स्टायपेंड' म्हणजे ठरावीक काळानं मिळणारा भत्ता. गुणवत्तेवर मिळते ती 'स्कॉलरशिप'.
- गिमनाझ्युम: १९९९ पासून पोलंडमध्ये ३ वर्षांच्या माध्यमिक शाळेचं हे नाव होतं. २०१७ च्या सुधारणेनं या शाळा बंद व्हायला लागल्या आणि २०१९ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली. इंग्रजीत 'जिम्नेशियम' म्हणजे व्यायामशाळा. त्या २० वर्षांत शिकलेल्या पिढीच्या अर्जात हा शब्द हमखास येतो.

'प्रोफेसोर' हा शब्दही असाच आहे. पोलंडमध्ये लित्सेउमच्या शिक्षकांनाही मुलं आदरानं 'प्रोफेसोर' म्हणतात. तेच इंग्रजीत लिहिलं तर शाळेतले शिक्षक एकदम विद्यापीठातल्या सर्वोच्च पदावर जाऊन बसतात.

परीक्षा 'दिली' की 'पास केली'?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. पोलिशमध्ये परीक्षा देणं म्हणजे 'झ्दावाच' आणि उत्तीर्ण होणं म्हणजे 'झ्दाच'. दोन्ही एकाच क्रियापदाची रूपं. पहिलं चालू असलेली क्रिया दाखवतं, दुसरं पूर्ण झालेली.

पोलिश माणूस सहज म्हणतो, 'झ्दावावेम, आले न्ये झ्दावेम.' म्हणजे 'परीक्षा दिली, पण उत्तीर्ण झालो नाही'. हेच वाक्य दोन्ही ठिकाणी 'पास' वापरून इंग्रजीत नेलं तर 'मी पास झालो, पण पास झालो नाही' असं काहीतरी होतं.

इंग्रजीत या कामासाठी वेगवेगळे शब्द आहेत. परीक्षेला बसणं म्हणजे 'टेक', ब्रिटनमध्ये 'सिट' सुद्धा. पुन्हा बसणं म्हणजे 'रीसिट' किंवा 'रीटेक'. उत्तीर्ण होणं म्हणजे 'पास', काठावर सुटणं म्हणजे 'स्क्रेप थ्रू' आणि नापास होणं म्हणजे 'फेल'. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा हा एक गट पक्का केला तर अर्जातली मोठी चूक टळते.

एक शब्द तिकडे, दोन इकडे

काही ठिकाणी पोलिशमध्ये एकच शब्द आहे आणि इंग्रजीत दोन.

'उचिच' म्हणजे शिकवणं आणि त्याला 'शे' जोडलं की शिकणं. मराठीत 'शिकणे' आणि 'शिकवणे' आहे तसंच. इंग्रजीत 'लर्न' आणि 'टीच' ही वेगळी क्रियापदं आहेत, म्हणून नवशिके त्यांची अदलाबदल करतात.

'नाउका' म्हणजे विज्ञान आणि अभ्यासही. त्यातूनच आलेला 'नाउकोव्येत्स' हा शब्द इतिहासाच्या संशोधकालाही लागू होतो. त्यानं इंग्रजीत स्वतःला 'सायंटिस्ट' म्हटलं तर लोक प्रयोगशाळा कुठे आहे विचारतात. त्याच्यासाठी 'स्कॉलर' किंवा 'रिसर्चर' योग्य.

काही ठिकाणी उलटं आहे. इंग्रजीत 'एज्युकेशन' या एका शब्दात जे मावतं, त्यासाठी पोलिशमध्ये तीन-चार शब्द आहेत. माणसानं मिळवलेलं शिक्षण म्हणजे 'विक्श्टावत्सेन्ये'. सरकारी शिक्षणव्यवस्था म्हणजे 'ओश्फ्याता'. मुलाला वळण लावणं म्हणजे 'विखोवान्ये', आपल्या 'संस्कार' शब्दाच्या जवळचं. वर्गशिक्षकाला पोलिशमध्ये याच धातूवरून 'विखोवाफ्त्सा' म्हणतात. इंग्रजीत तो ब्रिटनमध्ये 'फॉर्म ट्यूटर' आणि अमेरिकेत 'होमरूम टीचर' होतो. वळण लावण्याची छटा मात्र दोन्हीकडे गळते.

पदव्यांचं काय?

'लित्सेंत्स्यात' ही साधारण ३ वर्षांची पदवी. नाव 'लायसन्स'सारखं वाटलं तरी इंग्रजीत ती 'बॅचलर्स'. त्यानंतरची 'मागिस्तेर' म्हणजे 'मास्टर्स'. 'आब्सोल्वेंत' हा शब्द कोणत्याही शाळेतून शिकून बाहेर पडलेल्याला चालतो. ब्रिटनमध्ये 'ग्रॅज्युएट' म्हटलं की बहुतेकदा विद्यापीठाची पदवीच समजली जाते. अमेरिकेत हायस्कूल संपवलेलाही 'ग्रॅज्युएट'. त्यामुळे लित्सेउम संपवलेल्या मुलानं ब्रिटिश अर्जात 'ग्रॅज्युएट' लिहिलं तर नसलेली पदवी सांगितल्यासारखं होऊ शकतं.

इंग्रजी तरी एकच कुठे आहे?

पोलिश मुलं शाळेत बहुतेक ब्रिटिश पुस्तकं वापरतात आणि मोबाईलवर अमेरिकन मालिका बघतात. मग गोंधळ वाढतो.

- पब्लिक स्कूल: अमेरिकेत सरकारी शाळा. इंग्लंडमध्ये जुनी, महागडी खासगी शाळा. ईटन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण.
- फॅकल्टी: ब्रिटनमध्ये विद्याशाखा, अमेरिकेत प्राध्यापकवर्ग.
- रिव्हाइज: ब्रिटनमध्ये परीक्षेआधीची उजळणी. अमेरिकेत लिहिलेलं दुरुस्त करणं. उजळणीला तिथे 'रिव्ह्यू'.
- पर्यवेक्षक: ब्रिटनमध्ये 'इन्व्हिजिलेटर', अमेरिकेत 'प्रॉक्टर'.

कट्ट्यावरची भाषा

वरच्या पातळीचं इंग्रजी म्हणजे फक्त जड शब्द नव्हेत. मुलं रोज जे बोलतात तेही यायला लागतं. पोलिशमध्ये नापासाच्या श्रेणीला 'पावा' म्हणतात, म्हणजे दंडुका. शाळेला दांडी मारणं म्हणजे 'वागारी'. कॉपीच्या चिठ्ठीला 'श्चोंगा'. मातुराच्या साधारण १०० दिवस आधी होणारा नाच-गाण्याचा समारंभ म्हणजे 'स्तुद्न्युफ्का'. त्यातले 'स्तो द्नी' म्हणजेच शंभर दिवस.

घोकंपट्टीची खिल्ली उडवणारं एक वाक्य तर प्रत्येक पोलिश विद्यार्थ्याला माहीत असतं: 'झाकुच, झ्दाच, झापोम्न्येच'. घोका, पास व्हा, विसरा. इंग्रजीत घोकण्याला 'क्रॅम', दांडीला ब्रिटनमध्ये 'प्ले ट्रुअंट' किंवा 'बंक ऑफ' आणि कॉपी करण्याला 'चीट'. 'स्तुद्न्युफ्का'ला मात्र शब्द नाही. 'प्रॉम' जवळचा आहे, पण तो बहुधा वर्ष संपताना असतो. परीक्षेच्या तोंडावरचा नाच समजावून सांगावा लागतो.

आणि मराठी माणसाचं काय?

हसण्याआधी स्वतःचं इंग्रजीही तपासायला हवं. 'आय गेव्ह द एक्झाम' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, कारण मराठीत आपण परीक्षा 'देतो'. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाच्या कानाला तिथे परीक्षा देणारा शिक्षक असतो, विद्यार्थी ती 'घेतो'. 'मी २०१९ ला पास आउट झालो' हे ऐकून तर त्याला वाटेल, हा बेशुद्ध पडला होता. अकरावी-बारावीला आपण 'कॉलेज' म्हणतो, पण अमेरिकेत कॉलेज म्हणजे पदवीचं शिक्षण. म्हणजे पोलिश विद्यार्थ्याचा सापळा वेगळा आणि आपला वेगळा, पण दोन्ही आपापल्या मातृभाषेतून आलेले.

पोलिश शाळेशी महाराष्ट्राचं एक जुनं नातंही आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत मुलं आणि स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. छावणीत त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या. देश हातातून गेला तरी मुलांचं शिक्षण थांबू नये, हा त्यामागचा विचार. वॉर्सामध्ये आज कोल्हापूरचं स्मारक आहे.

मग शिकायचं कसं?

इंग्रजीवर पकड असलेल्या पोलिश विद्यार्थ्यांसाठी तीन गोष्टी उपयोगी पडतात, आणि मराठी विद्यार्थ्यांसाठीही.

१. शब्द सुटा पाठ करू नका, जोडीनं करा. 'होमवर्क' एकटा नाही, 'डू होमवर्क'. निबंध 'हँड इन' केला जातो, मागे पडलेला अभ्यास 'कॅच अप' केला जातो.

२. ओळखीचा वाटणारा शब्द आधी तपासा. अनोळखी शब्द आपण शब्दकोशात बघतोच. फसवतो तो ओळखीचा.

३. प्रमाणपत्र, पदवी, श्रेणी यांची मूळ नावं तशीच ठेवा आणि शेजारी साध्या इंग्रजीत खुलासा लिहा. '६ पैकी ५, ६ सर्वोत्तम' एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याचा गैरसमज होत नाही आणि लिहिणाऱ्याचे गुण वाया जात नाहीत.