मोजलेला मासा, उरलेला मासा

इ.स. १४९७ मध्ये जॉन कॅबट हा दर्यावर्दी इंग्लंडच्या राजाच्या वतीने न्यूफाउंडलंडच्या परिसरात पोहोचला. तेथील समुद्रात दगड घातलेली टोपली सोडली तरी ती माशांनी भरून येते, अशी वार्ता त्याच्या माणसांनी परत आणली. हा मासा म्हणजे कॉड. खारवून वाळवला की तो महिनोन्महिने टिके. म्हणूनच उपवासकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक युरोपच्या ताटात त्याला मानाचे स्थान मिळाले. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टी. एच. हक्सली या नामवंत शास्त्रज्ञाने कॉडचा साठा अक्षय असल्याचा निर्वाळा दिला. मात्र तो त्या काळच्या साधनांपुरता होता.

पुढे साधने बदलली. १९५० नंतर पकडलेला मासा जहाजावरच गोठवणारे अजस्र ट्रॉलर आले. १९६८ साली तेथील कॉडची पकड ८ लाख टनांवर गेली आणि १९७८ मध्ये दीड लाख टनांच्याही खाली उतरली. दरम्यान १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या अखत्यारीत घेतला. परकी जहाजे हटली. परंतु त्यांची जागा स्वदेशी जहाजांनी घेतली.

मोठी चूक मोजणीत होती. समुद्रात किती मासा उरला, याचा अंदाज बऱ्याच अंशी ट्रॉलरला मिळणाऱ्या माशांवरून बांधला जाई. परंतु उरलेला कॉड थव्याने एकत्र येतो आणि यंत्रे नेमका तोच थवा हुडकून काढतात. त्यामुळे समुद्र रिता होत असतानाही जाळी भरलेलीच दिसत. लहान होड्यांतून किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक मासा घटल्याचे सांगत होते. त्यांच्या संघटनेने १९८६ मध्ये स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून अहवालही करून घेतला. त्याची वेळीच दखल घेतली गेली नाही.

अखेर २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ही बंदी ३२ वर्षे टिकली. २०२३ मध्ये मूल्यमापनाची पद्धत सुधारताच हा साठा गंभीर स्थितीतून सावधगिरीच्या स्थितीत गणला गेला आणि जून २०२४ मध्ये १८ हजार टनांच्या मर्यादेसह बंदी उठली. मासा एका रात्रीत वाढला नव्हता. मोजपट्टी बदलली होती.

नवी मोजपट्टी अधिक अचूक असेलही. तथापि अंदाज चुकला तर त्याची किंमत तो बांधणाऱ्यांपेक्षा किनाऱ्यावरच्या घरांनाच अधिक मोजावी लागते. म्हणून लहान होडीतल्या माणसाची साक्षही त्या हिशेबात धरली पाहिजे.